बापूंचा कोट आणि माझी छत्री

आमच्या घरी बैठकीच्या खोलीत बापूंचा, म्हणजे माझ्या वडिलांचा फोटो लावलेला आहे. वर चंदनाचा हार, खाली उदबत्तीचे घर. फोटोत बापूंच्या अंगात काळा कोट आहे आणि गळ्यात निळा टाय. बापूंनी जन्मात कधी कोट घातला नाही. स्वतःच्या लग्नातसुद्धा नाही. धोतर, बंडी, डोक्याला रुमाल, पावसाळ्यात वरून घोंगडी, एवढाच त्यांचा पोशाख.

झाले असे की बापू २००९ साली गेले. तेरवीला फोटो लागतो. घरभर शोधाशोध केली. लग्नाकार्याच्या फोटोंत बापू होते, पण कुठे पाठमोरे, कुठे जेवणाच्या पंगतीत वाढताना वाकलेले. शेवटी सोसायटीच्या कर्जाच्या कागदांत पासपोर्ट आकाराचा एक फोटो सापडला. त्याच्या कोपऱ्यावर शिक्का उमटलेला. तो घेऊन मी एका शहरातल्या फोटोवाल्याकडे गेलो. त्याने कॉम्प्युटरवर बापूंचे डोके कापून घेतले आणि कुणाच्या तरी कोटावर बसवले. तिकडे सगळ्यांनाच तो कोट घालतात म्हणे. शिक्का झाकला जातो आणि माणूस रुबाबदार दिसतो. फ्रेम घरी आणली तेव्हा माय बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "हे कोन सायब आनले रे घरात?"

बापूंना मेल्यावर आम्ही कोट घातला, ही गोष्ट मनात राहून गेली. पण त्यावर काही करावे असे तेव्हा सुचले नाही. ते सुचले पुढे दहा वर्षांनी, आणि तेही माझ्याच हातून झालेल्या एका चुकीमुळे.

मी कृषी खात्यात विस्ताराचे काम करतो. अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून १९९२ साली बी.एस्सी. ॲग्री झालो, १९९५ साली नोकरीला लागलो आणि फिरत फिरत पुन्हा आपल्या देऊळगाव राजा तालुक्यात आलो. आमच्या भागात शेडनेटमधले बीजोत्पादन पुष्कळ. मिरची, टोमॅटो, काकडी. जालना जवळच, त्यामुळे बियाणे कंपन्यांचे येणेजाणे जुने आहे. ज्यांनी हे काम पाहिले आहे त्यांना माहीत आहे, की आदल्या दिवशी कळीतले परागकोष चिमट्याने काढायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नराचे पराग लावायचे, हे किती निगुतीचे काम असते. ते बहुतेक बायाच करतात. अशीच एक बाई, दहा गुंठ्यांच्या नेटवर तिने घर उभे केले. नवरा नाही, दोन मुली शिकताहेत. तिची यशोगाथा एका पुस्तिकेत घ्यायचे ठरले. मजकूर मी लिहिला आणि फोटोही मीच काढला, भर दुपारी साडेबारा वाजता, नेटच्या बाहेर उभे करून.

पुस्तिका छापून आली. मी एक प्रत मोठ्या हौसेने तिला नेऊन दिली. तिने पान उघडले, आडवे धरले, उभे धरले. मागे पांढरेफेक आभाळ, डोक्यावर पांढरट पदर, आणि पदराच्या आत काळा डाग. नाक नाही, डोळे नाहीत. ती हसली नाही, रागावलीही नाही. म्हणाली, "सायेब, ह्याच्यात मी कुठं हाय?"

मी कागदाचा दोष, छपाईचा दोष, असे काहीबाही सांगितले. घरी येऊन मूळ फोटो पाहिला. छपाईचा दोष नव्हताच.

देऊळगाव राजाला बस स्टँडच्या बाजूला एक म्हातारे फोटोवाले आहेत. त्यांना आम्ही काका म्हणतो. रोलच्या काळापासूनचे दुकान. आता धंदा पासपोर्ट फोटो आणि झेरॉक्सवर चालतो. त्यांना तो फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला आणि विचारले, "साहेब, दुपारी बारा-एकच्या उन्हात तुम्ही शेतकऱ्याला फवारणी करायला सांगता का?"

मी म्हटले, "नाही सांगत."

"मग फोटो काहून काढता?"

मग त्यांनी नीट समजावून सांगितले. दुपारी सूर्य डोक्यावर असतो. कपाळाला आणि नाकाच्या शेंड्याला उजेड, डोळ्यांच्या खोबणीत अंधार. त्यात कॅमेरा हा हिशोबी प्राणी. समोरच्या सगळ्या उजेडाची तो सरासरी काढतो. आभाळ पांढरे, टोपी पांढरी, पदर पांढरा दिसला की त्याला वाटते उजेड फार झाला, आणि तो सगळे चित्र दबवतो. त्यात सावळा चेहरा बुडतो. आपल्याकडची माणसे उन्हात रापलेली आणि कपडे पांढरे, म्हणजे कॅमेऱ्याला फसवायला आपण जन्मलोच आहोत असे समजा.

काकांनी मला कॅमेऱ्याला हातच लावू दिला नाही. आधी एक नारळ दिला, शेंडीवाला. नारळाला डोळे असतात, नाकासारखी धार असते. तो टेबलावर ठेवून एक दिवा हातात दिला आणि म्हणाले, "फिरवा." दिवा समोर धरला तर नारळ थापलेल्या भाकरीसारखा सपाट दिसे. डोक्यावर धरला तर भुतासारखा. खालून धरला तर त्याहून वाईट. बाजूला आणि थोडा वर, सकाळी नऊ वाजता सूर्य जिथे असतो तसा धरला की नारळाला गोलाई येई. मग त्यांनी दिव्यासमोर पांढरे धोतर ताणून धरले. सावलीची कड मऊ झाली. "हेच सगळं शास्त्र," ते म्हणाले. "बाकीचं कंपन्यांनी विकायसाठी केलं." मी आठ दिवस घरी नारळ घेऊन बसत असे. आमच्या सौभाग्यवतींनी शेवटी त्या नारळाची चटणी केली.

त्यानंतर मी वापरलेला एक डिजिटल कॅमेरा घेतला. एक फ्लॅशगन, ती कॅमेऱ्यापासून दूर ठेवूनही पेटावी म्हणून बिनतारी ट्रिगरची जोडी, एक तिपाई स्टँड आणि एक पांढरी छत्री. छत्री कापडाची, तिच्यातून उजेड गाळून पलीकडे जातो. सगळ्याला मिळून एका चांगल्या म्हशीच्या वासराएवढा खर्च आला. हा हिशोब मी घरात सांगितला नव्हता, आता छापूनच येत आहे.

फ्लॅशगन कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवली की उजेड नाकासमोरून जातो आणि माणूस सपाट दिसतो, तेलकट दिसतो. लग्नातले फोटो आठवा. तीच फ्लॅशगन हातभर, दोन हात बाजूला नेली की काकांचा नारळ होतो. एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. एकदा हे कळले म्हणजे वाटते, आता आलेच सगळे. मी तसाच वाटून घेऊन शेतात गेलो.

पहिल्याच दिवशी वीस फोटो काढले. सगळ्यांत खालून एक काळा पट्टा. माणूस अर्धा उजेडात, अर्धा अंधारात, जणू विहिरीत उतरतोय. मला वाटले कॅमेरा बिघडलेलाच मिळाला. काका हसले. कॅमेऱ्यात दोन पडदे असतात. पहिला उघडतो आणि त्याच्या मागून दुसरा झाकत येतो. शटरचा वेग साधारण एक-दोनशेवा सेकंद असेपर्यंत एक क्षण असा येतो की सगळी खिडकी उघडी असते, आणि त्याच क्षणी फ्लॅश पेटतो. मी वेग ठेवला होता एक-पाचशेवा. तेव्हा दुसरा पडदा आधीच निघालेला असतो, आणि फ्लॅशचा उजेड उघड्या फटीपुरताच आत जातो. काही महागड्या फ्लॅशगनना यावर तोड असते, माझ्या नाही. तेव्हापासून वेग दोनशेवर बांधून टाकला.

दुसरे म्हणजे अंतराचे गणित. हे आपल्या वाचकांना माझ्याहून लवकर कळेल. फवारणीचा नोझल पिकापासून एका हातावर धरला तर औषध एवढ्याशा जागेवर पडते. दोन हातांवर धरला तर फवारा दुप्पट रुंद आणि दुप्पट लांब पसरतो, म्हणजे जागा चौपट, आणि पानाला मिळणारे औषध चौथाई. उजेडाचेही नेमके तसेच. फ्लॅश चार फुटांवरून आठ फुटांवर नेला की चेहऱ्याला चौथाई उजेड. मी पहिल्यांदा छत्री लाजेकाजे दूर उभी करीत असे, समोरच्या माणसाला अडचण नको म्हणून. आता चार-पाच फुटांवर, फोटोच्या कडेला लागेल इतकी जवळ आणतो. छत्री जवळ आली की ती चेहऱ्याच्या मानाने मोठी होते आणि उजेडही मऊ पडतो.

आणि तिसरी गंमत मला सगळ्यांत आवडली. शटरचा वेग कमीजास्त केला तर आभाळ गडद किंवा फिकट होते, पण फ्लॅशने उजळलेला चेहरा तसाच राहतो. कारण फ्लॅशचा उजेड शटरच्या मानाने फारच थोडा वेळ टिकतो, तो केव्हाच येऊन गेलेला असतो. म्हणजे दोन नळ वेगवेगळे. एका नळाने आभाळ, दुसऱ्याने माणूस. संध्याकाळी सूर्य माणसाच्या पाठीमागे घ्यायचा, आभाळ आपल्याला हवे तेवढे दबवायचे, मग छत्रीतून चेहरा उजळायचा. माझा नेम सांगतो : आय.एस.ओ. १००, वेग एक-दोनशेवा, छिद्र एफ ८, फ्लॅश अर्ध्या ताकदीवर, छत्री पाच फुटांवर. दिवस मावळायला तासभर असेल तर यात थोडेच इकडेतिकडे करावे लागते. भर दुपारी मात्र सूर्याशी झुंजायला जाऊ नये. फ्लॅश पूर्ण ताकदीने पेटवावा लागतो, सेल धापा टाकतात, आणि माणूस डोळे मिचकावून बेजार होतो.

वाऱ्याने माझी दोनदा फजिती केली. स्टँडवर छत्री म्हणजे शीडच. खडकपूर्णेच्या धरणाच्या पाण्यावरून, त्याला संत चोखामेळा सागर म्हणतात, संध्याकाळी जो वारा येतो त्याने छत्री, फ्लॅश आणि स्टँड सगळे उचलून हरभऱ्यात नेऊन टाकले. शेतमालक म्हणाला, "सायेब, ऊन नाही, पाऊस नाही, छत्री कशाला आनता?" आता युरियाच्या रिकाम्या पिशवीत माती भरून स्टँडला लटकवतो. नाहीतर एखादा पोरगा धरून उभा राहतो. पोरगा बरा. तो हसतो, मग समोरचा म्हाताराही हसतो.

या उजेडाचा इतिहास मी थोडा वाचला. मुंबईला फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाडांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्यांतले एक मोठे छायाचित्रकार होते. त्या काळी सगळा भार सूर्यावर. पुढे १८८७ साली जर्मनीत मॅग्नेशियमची पूड पेटवून उजेड पाडायची युक्ती निघाली. मोठा भडका, पांढरा धूर, आणि कधी कधी फोटोवाल्याच्या भुवया जळून जात. हे वाचून मला आपला कपाशीवरचा लाल्या आठवला. पानाच्या हिरव्या रंगाच्या मुळाशी मॅग्नेशियमच असते. ते कमी पडले की पाने लाल होतात आणि आम्ही मॅग्नेशियम सल्फेट फवारायला सांगतो. एकच धातू पानात उजेड धरतो आणि फोटोवाल्याच्या थाळीत उजेड पाडतो. १९३०च्या सुमारास काचेचे फ्लॅश बल्ब आले, एकदा पेटले की फेकून द्यायचे. आणि त्याच सुमारास अमेरिकेत हॅरोल्ड एजर्टन नावाच्या प्राध्यापकांनी वायूने भरलेल्या नळीतून विजेचा लखकन् उजेड काढला. दुधाचा थेंब पडताना उसळणारा मुकुट त्यांनी फोटोत पकडला. माझी साडेतीन हजारांची फ्लॅशगन त्याच नळीची नात आहे. असो.

शेडनेटमध्ये फोटो काढायला गेलो तेव्हा आणखी एक धडा मिळाला. हिरव्या नेटखाली सगळ्या बाया हिरव्या दिसल्या. कावीळ होऊन गेल्यासारख्या. आपल्या डोळ्यांना ते जाणवत नाही, डोळा सवयीने दुरुस्ती करून घेतो. कॅमेरा करीत नाही. मग नेटच्या दाराशी, आतल्या अंगाला तोंड बाहेर करून बसवायला लागलो. पांढऱ्या नेटखाली मात्र मजा आहे. तिथे छत्रीची गरजच नाही, दहा गुंठ्यांची छत्री डोक्यावर असते.

हीच गोष्ट घरोघरी करता येईल म्हणून सांगतो. फ्लॅश, छत्री काही नको. साधा मोबाइल पुरे. २०२१ पासून ई-पीक पाहणीसाठी आपण सगळेच शेताचे फोटो काढायला शिकलो आहोत. आजोबांना घराच्या किंवा गोठ्याच्या दारात, उंबऱ्याच्या हातभर आत, तोंड थोडे तिरके बाहेर करून बसवा. अंगणात ऊन असावे, चेहऱ्यावर नसावे. तुम्ही बाहेर, दाराच्या एका बाजूला उभे राहा. डोळ्यांत दाराचा पांढरा ठिपका दिसतो का ते बघा. बैल घेताना आपण डोळ्यांतले तेज बघतो ना, तेच. तो ठिपका नसला तर जिवंत माणसाचाही फोटो निर्जीव येतो.

गावोगाव माझे नाव झाले. कीड दाखवायला बोलावणारे लोक जाताजाता म्हणत, "आमच्या बुढ्याचाही एक फोटू काढा." मी काढतो. छापून आणून देतो, पैसे घेत नाही, आणि विचारल्याशिवाय कुणाचा काढत नाही. बायांना पदर कुठपर्यंत हवा तो त्यांनी ठरवायचा.

एक मागणी मात्र सगळीकडे सारखी : "जरा गोरं करून द्या." एका आजींचा फोटो चांगला साधला होता. ऐंशीच्या पुढचे वय, कपाळावर गोंदण, गालावर उभ्या-आडव्या रेघा, मृगाआधी भेगाळलेल्या काळ्या रानासारख्या. कडेने आलेल्या उजेडात त्यांचा काळा रंग पितळी भांड्यासारखा झळकत होता. नातवाने मोबाइलवर बघितले आणि म्हणाला, "साहेब, कॉम्प्युटरवर गोरी करा ना आजी. पाहुण्यांना पाठवायचाय." मी काही बोलायच्या आत आजी बोलल्या, "काहून? मी काळीच हाय. गोरी झाली तर तुहा आबा वर वळखीन का मले?"

मी तो फोटो तसाच छापला. गोरे करून द्यायचे काम मला येत नाही असे आता सांगतो. येते, पण येत नाही.

ज्या बाईचा फोटो मी बिघडवला होता, तिच्याकडे जायला मला दोन वर्षे लागली. धीर होत नव्हता. पुस्तिका तर छापून वाटून झाली होती, तिच्यातला काळा डाग पुसता येणार नव्हता. एका नोव्हेंबरात संध्याकाळी गेलो. ती नेटमध्ये कळ्यांना दोरे बांधत होती. म्हटले, एकदा बिघडला, पुन्हा काढू द्या. ती म्हणाली, "आता कोनतं पुस्तक?" मी म्हटले, पुस्तक नाही, तुमच्या घरासाठी. तिने चिमटा ठेवला नाही. चिमटा हातात धरूनच दाराशी येऊन उभी राहिली. चार फोटो काढले. तिसऱ्यात धाकट्या मुलीने मागून काहीतरी म्हटले आणि तिने मान वळवली. तोच चांगला आला. छापून दिला तेव्हा तिने नीट पाहिला आणि मुलीला म्हणाली, "पाय, डोये कसे दिसून राहिले." पुस्तिकेबद्दल ती बोलली नाही, मीही नाही.

आता जे सांगायचे ते सांगतो. इतके दिवस टाळत होतो.

१९९५ पासून बापू जाईपर्यंत, म्हणजे चौदा वर्षे, माझ्या हातात कॅमेरा होता. कचेरीचा रोलचा कॅमेरा. छत्तीस फोटोंचा एक रोल, तो हंगामभर पुरवायचा. प्रात्यक्षिकाचे प्लॉट, शेतीदिन, आलेले साहेब, फलक. मी शेकडो माणसांचे फोटो काढले. बापूंचा एकही काढला नाही. रोल सरकारी, घरच्या कामाला कसा वापरायचा, हे एक कारण. दुसरे कारण म्हणजे बापू रोजच दिसत होते.

एकदा आमच्याच गावच्या शिवारात सोयाबीनचे प्रात्यक्षिक होते. बापू सहज काठी टेकत बघायला आले आणि फलकाशेजारी येऊन उभे राहिले. मुलगा साहेब झालाय, फोटो काढतोय, त्यांना कौतुक. मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि म्हणालो, "बापू, जरा बाजूला व्हा, फलक दिसत नाही."

ते बाजूला झाले.

हे मी काकांना एकदा चहा पिताना सांगितले. काका काही बोलले नाहीत. त्या काळचे आमच्या कचेरीचे रोल त्यांच्याच दुकानात धुवायला जात. त्यांनी निगेटिव्हचे जुने खोके माळ्यावर ठेवले होते. दीड महिन्याने त्यांचा फोन आला, "साहेब, येऊन जा." त्यांनी ती पट्टी शोधून काढली होती, दिव्यावर धरून दाखवली. मधोमध फलक, त्यावर वाणाचे नाव, पेरणीची तारीख, खतांची मात्रा, सगळे अक्षर न् अक्षर वाचता येते. आणि डाव्या कडेला काठीवर ठेवलेला एक हात, धोतराचा सोगा, एक पाय. बाजूला झाले होते, पण पुरते बाहेर गेले नव्हते. काकांनी त्याची मोठी प्रत करून दिली. पैसे घेतले नाहीत. ती माझ्या टेबलाच्या खणात आहे.

मायचा फोटो काढावा म्हणून मी तीन वर्षे मागे होतो. ती ऐकत नव्हती. "मेल्यावरचा फोटो आत्ताच काढून ठेवतो काय? घाई झाली काय तुले?" यावर काय उत्तर द्यायचे? मी नाद सोडला.

मागच्या हिवाळ्यात आमच्या शेतात शेजारच्या काकूंचा फोटो काढत होतो. सौभाग्यवती छत्री धरून उभ्या. माय धुऱ्यावर बसून हरभऱ्याची भाजी खुडत होती. काकू लाजून लाजून हसत होत्या. थोड्या वेळाने मागून आवाज आला, "दुनियेचे फोटो काढतो. मायचा नाही काढत."

मी वळलो नाही. वळलो असतो तर ती म्हणाली असती, गंमत केली. सौभाग्यवतींना नुसती खूण केली. त्या छत्री घेऊन मायच्या डाव्या अंगाला गेल्या. सूर्य मायच्या पाठीमागे, तुरीच्या वर हातभर राहिलेला. माय म्हणाली, "सूनबाई, ते काय माह्या डोक्यावर धरतेस, लगीन लागून राहिलं काय?" आणि हसायच्या बेतात असताना मी बटन दाबले. दुसरा काढायला फ्लॅश पेटलाच नाही. सेल संपले होते. दिवसभराचे सेल मी काकूंवर खर्च केले होते.

एकच फोटो. लुगड्याच्या पदरात भाजी, बोटे हरभऱ्याच्या आंबेने काळी-हिरवी झालेली, तोंड अर्धवट उघडे, डोळ्यांत छत्रीचा पांढरा ठिपका. फोटोग्राफीच्या हिशोबाने बघायचे तर छत्रीची कड थोडी आत आली आहे.

मी तो छापून आणून तिच्या हातात दिला. तिने दाराशी उजेडात नेऊन पाहिला. बराच वेळ पाहिला. "हात चांगले आले," म्हणाली. मग तिने बैठकीतल्या बापूंकडे पाहिले, कोट आणि टायकडे. मला वाटले ती आता काहीतरी विचारील. तिने विचारले नाही. उठून आत गेली, आपली पत्र्याची पेटी उघडली, लुगड्यांच्या घडीत फोटो सरकवला आणि कुलूप लावले.

"मी सांगीन तवाच काढजो," ती म्हणाली. "आन् माह्या अंगात काही घालू नको म्हंजे झालं."

किल्ली तिच्या कमरेला असते.